दोष१ ते दोष५ हे कॉलम ओळींत आणून कोडनिहाय मोजणी कशी करावी? (एसक्यूएल)

टॉवेल_तपासणी
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेल कारखान्याचं तपासणीचं टेबल आहे. एका रोलची एक ओळ. तपासणी करताना दोष दिसला की त्याचा कोड पुढच्या कॉलममध्ये भरतात, त्यासाठी दोष१ ते दोष५ असे पाच कॉलम आहेत. टेबलात तारीख आणि पाळीही आहे. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१६.

कोड असे: ता – ताण्याचा धागा तुटलेला, डा – तेलाचा डाग, लू – ओढलेला लूप, कि – किनार खराब, पि – पिक (आडवा धागा) सुटलेलं.

नमुना (नल म्हणजे काहीच न भरलेलं; दोष४ आणि दोष५ सगळीकडे नल आहेत म्हणून वगळले):

रोल | माग | मीटर | दोष१ | दोष२ | दोष३
१०१ | ७ | ६० | ता | डा | नल
१०२ | ७ | ५० | ता | ता | लू
१०३ | ९ | ६० | नल | नल | नल
१०४ | ९ | ४० | (रिकामी अक्षरमाळ) | डा | नल
१०५ | ७ | ५० | डा | ता | कि
१०६ | ९ | ४० | लू | नल | नल

हवं ते असं: कोणता दोष एकूण किती वेळा आला, आणि कोणत्या मागावर किती. सध्या प्रत्येक कॉलमची वेगळी ग्रुप बाय क्वेरी चालते आणि पाच उत्तरांची बेरीज एक्सेलमध्ये होते. क्वेऱ्या कृपया देवनागरीतच लिहा, खात्यातले सगळे ही चर्चा वाचतात. चालवताना मी रोमनमध्ये टाकतो.

जुळे_सोलापूर
आधी कॉलमच्या ओळी करायच्या, मग मोजायचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मी क्रॉस अप्लायच वापरा म्हणेन:

सिलेक्ट त.रोल, त.माग, त.तारीख, द.जागा, द.कोड
फ्रॉम तपासणी त
क्रॉस अप्लाय (व्हॅल्यूज
(१, त.दोष१), (२, त.दोष२), (३, त.दोष३),
(४, त.दोष४), (५, त.दोष५)
) द (जागा, कोड)
व्हेअर नलइफ(एलट्रिम(आरट्रिम(द.कोड)), '') इज नॉट नल;

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. नुसतं 'इज नॉट नल' लिहिलंत तर रोल १०४ ची रिकामी अक्षरमाळ आत येते आणि मोजणीत बिननावाचा एक गट दिसतो. २०१६ मध्ये ट्रिम हे फंक्शन नाही, ते २०१७ पासून आलं, म्हणून एलट्रिम आणि आरट्रिम दोन्ही.

याला व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) करून रोल_दोष_व्ह्यू नाव द्या. त्यावर मोजणी सरळ आहे:

सिलेक्ट कोड, काउंट(*) ऍज वेळा
फ्रॉम रोल_दोष_व्ह्यू
ग्रुप बाय कोड
ऑर्डर बाय वेळा डेस्क;

नमुन्यावर उत्तर यायला हवं: ता ४, डा ३, लू २, कि १. एकूण १०.

पार्क_चौक
यासाठी अनपिव्हट हा शब्द भाषेतच आहे की. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून, ओरॅकलमध्ये ११जी पासून. लिहायलाही आटोपशीर:

सिलेक्ट रोल, माग, जागा, कोड
फ्रॉम तपासणी
अनपिव्हट (कोड फॉर जागा इन (दोष१, दोष२, दोष३, दोष४, दोष५)) ऍज उ;

नल आपोआप गळतात.

टॉवेल_तपासणी
पार्क_चौक, तुमची क्वेरी चालवली तर एरर ८१६७ येते. दोष५ चा टाइप यादीतल्या इतर कॉलमशी जुळत नाही म्हणते. दोष१ ते दोष४ एनव्हारचार(४) आहेत, दोष५ नंतर वाढवलेला, तो एनव्हारचार(१०).

पार्क_चौक
मग बरोबर आहे. अनपिव्हटला टाइप तर सारखा लागतोच, लांबीसुद्धा सारखी लागते. आतल्या सिलेक्टमध्ये पाचही कॉलम एका मापाचे करून घ्या: कास्ट(दोष१ ऍज एनव्हारचार(१०)) ऍज दोष१, असं पाचही वेळा, आणि त्या आतल्या सिलेक्टवर अनपिव्हट लावा.

जुळे_सोलापूर
म्हणूनच मी व्हॅल्यूजकडे वळवलं. तिथे लांबी वेगळी असली तरी इंजिन सगळ्यांना पुरेल असा टाइप स्वतः ठरवतं. आणखी दोन कारणं आहेत.

एक, अनपिव्हट नल टाकून देतं, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते थांबवायची सोय नाही. ओरॅकलमध्ये इन्क्लूड नल्स लिहिता येतं, इथे नाही. रिकाम्या अक्षरमाळेचं उलटं: ओरॅकल व्हारचार२ मधली रिकामी अक्षरमाळ नलच धरतं, त्यामुळे तिथे रोल १०४ चा प्रश्न उद्भवत नाही. एसक्यूएल सर्व्हरचं अनपिव्हट मात्र ती ठेवून घेतं.

दोन, उद्या दोषाबरोबर त्याची जागाही नोंदवायची ठरली, म्हणजे रोलच्या कितव्या मीटरवर, तर मी१ ते मी५ असे आणखी पाच कॉलम येतील. तेव्हा अनपिव्हट दोनदा लावावं लागतं आणि एका रोलच्या २५ जोड्या तयार होतात. दोष१ बरोबर मी४ सुद्धा. मग जोड्या जुळवायला नावातला शेवटचा आकडा कापून तुलना करावी लागते. व्हॅल्यूजमध्ये (१, त.दोष१, त.मी१), (२, त.दोष२, त.मी२) असं लिहिलं की जोडी जागेवरच बांधली जाते.

होटगी_रोड
आमच्याकडे मायएसक्यूएल ५.७ आहे. क्रॉस अप्लाय नाही, अनपिव्हटही नाही. युनियननेच करतो. चालेल ना?

बाळीवेस
चालेल, पण युनियन नाही, युनियन ऑल. हा फरक या कामात जीवघेणा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नुसतं युनियन एकसारख्या ओळी काढून टाकतं. प्रत्येक तुकड्यात तुम्ही फक्त कोड निवडलात तर सहा रोलांच्या नमुन्यात प्रत्येक कोडची मोजणी १ येईल. हे निदान चटकन डोळ्यांत भरतं. पण रोल आणि कोड असे दोन कॉलम निवडलेत तर चूक लपते: रोल १०२ मध्ये ता दोनदा आहे, युनियन त्यातला एक गिळतं, आणि ता चे ४ च्या जागी ३ होतात. बाकी सगळे आकडे बरोबर. महिन्याच्या अहवालात ही तूट कुणाच्याच लक्षात येत नाही.

तुकडा असा लिहा:

सिलेक्ट रोल, माग, १ ऍज जागा, दोष१ ऍज कोड फ्रॉम तपासणी व्हेअर ट्रिम(दोष१) <> ''
युनियन ऑल
सिलेक्ट रोल, माग, २, दोष२ फ्रॉम तपासणी व्हेअर ट्रिम(दोष२) <> ''
… याचप्रमाणे ५ पर्यंत.

'<> ""' या अटीत नल आपोआप वगळला जातो, कारण नलशी केलेली तुलना खरी ठरत नाही. जागा हा कॉलम ठेवाच. पुढे एखादी ओळ संशयास्पद वाटली तर मूळ कॉलमपर्यंत पोचता येतं.

युनियन ऑलचा तोटा म्हणजे टेबल पाच वेळा वाचलं जातं. टेबल मोठं असेल तर मायएसक्यूएलमध्ये एकदाच वाचून असं करता येतं:

सिलेक्ट त.रोल, त.माग, न.न ऍज जागा,
ईएलटी(न.न, त.दोष१, त.दोष२, त.दोष३, त.दोष४, त.दोष५) ऍज कोड
फ्रॉम तपासणी त
क्रॉस जॉइन (सिलेक्ट १ ऍज न युनियन ऑल सिलेक्ट २ युनियन ऑल सिलेक्ट ३ युनियन ऑल सिलेक्ट ४ युनियन ऑल सिलेक्ट ५) न
हॅविंग ट्रिम(कोड) <> '';

ईएलटी पहिल्या आकड्याप्रमाणे यादीतली त्या क्रमांकाची किंमत उचलतं. इथे हॅविंग वापरलंय कारण मायएसक्यूएल टोपणनाव व्हेअरमध्ये घेत नाही, हॅविंगमध्ये घेतं. ही सवलत दुसऱ्या डेटाबेसात गृहीत धरू नका. आवृत्ती ८.०.१४ पासून जॉइन लॅटरल आहे, तिथे गेलात तर तेच वापरा. पोस्टग्रेसमध्ये लॅटरल ९.३ पासून आहे: क्रॉस जॉइन लॅटरल (व्हॅल्यूज …), बाकी मजकूर जुळे_सोलापूर यांच्या क्वेरीसारखाच.

टॉवेल_तपासणी
क्रॉस अप्लायने ४, ३, २, १ बरोबर आलं. पुढे दोन अडचणी.
१) पि कोड यादीतच नाही. व्यवस्थापकांना शून्य असलेला दोषही दिसायला हवा.
२) दर १०० मीटरमागे दोष काढले तर २.० येतात. हाताने केलं तर ३.३३ येतात.

बाळीवेस
पहिल्याचं सांगते. जे ओळींत नाही ते ग्रुप बाय दाखवू शकत नाही. मास्टरपासून (सगळे कोड आणि त्यांची नावं असलेलं टेबल) सुरुवात करा:

सिलेक्ट म.कोड, म.नाव, काउंट(द.कोड) ऍज वेळा
फ्रॉम दोष_मास्टर म
लेफ्ट जॉइन रोल_दोष_व्ह्यू द
ऑन द.कोड = म.कोड
अँड द.तारीख >= '२०२५०१०१' अँड द.तारीख < '२०२५०२०१'
ग्रुप बाय म.कोड, म.नाव;

इथे काउंट(*) लिहिलंत तर पि ला १ येईल, कारण लेफ्ट जॉइनने पि ची एक ओळ ठेवलेलीच असते, फक्त उजवी बाजू नल असते. काउंट(द.कोड) नल मोजत नाही, म्हणून ०.

तारखेची अट व्हेअरमध्ये नेऊ नका. तिथे नेली की उजव्या बाजूच्या नल ओळी गळतात आणि पि पुन्हा गायब होतो. तारीख जोडचिन्हांशिवाय लिहिली आहे, ती एसक्यूएल सर्व्हरवर भाषेची सेटिंग काहीही असली तरी एकाच अर्थाने वाचली जाते. आणि वरची मर्यादा 'पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आत' अशीच ठेवा, म्हणजे ३१ तारखेच्या रात्रपाळीच्या नोंदी सुटत नाहीत.

मास्टरपासून सुरुवात केल्यावर उलट बाजूही तपासायची असते. कुणी चुकीचा, मास्टरमध्ये नसलेला कोड भरला असेल तर तो या अहवालात येणारच नाही. रोल_दोष_व्ह्यू वरून मास्टरला लेफ्ट जॉइन करून व्हेअर म.कोड इज नल, ही यादी रोज काढा. ती रिकामी असेल तरच वरचा अहवाल पुढे द्या.

जुळे_सोलापूर
दुसऱ्याचं कारण: व्ह्यूमध्ये एक ओळ म्हणजे एक दोष आहे, एक रोल नव्हे. तुम्ही व्ह्यूला मूळ टेबल जोडून मीटरची बेरीज केलेली दिसते. रोल १०१ चे ६० मीटर दोनदा धरले गेले, १०२ चे ५० तीनदा, १०४ चे ४० एकदा, १०५ चे ५० तीनदा, १०६ चे ४० एकदा. म्हणजे १२० + १५० + ४० + १५० + ४० = ५००. आणि निर्दोष रोल १०३ चे ६० मीटर अजिबात आले नाहीत. खरे मीटर ३००. म्हणून १० भागिले ५०० वरून २.०.

सम(डिस्टिंक्ट मीटर) हा उपाय कुणी सुचवला तर घेऊ नका. १०२ आणि १०५ दोघांचेही मीटर ५० आहेत, ते एकदाच धरले जातील.

मीटर मूळ टेबलावरून वेगळे मोजा, दोष व्ह्यूवरून वेगळे मोजा, आणि मोजून झाल्यावर जोडा:

विथ मीटर_बेरीज ऍज (
सिलेक्ट माग, सम(मीटर) ऍज मीटर फ्रॉम तपासणी ग्रुप बाय माग
), दोष_बेरीज ऍज (
सिलेक्ट माग, काउंट(*) ऍज दोष फ्रॉम रोल_दोष_व्ह्यू ग्रुप बाय माग
)
सिलेक्ट मी.माग, मी.मीटर, कोअलेस(दो.दोष, ०) ऍज दोष,
कोअलेस(दो.दोष, ०) * १००.० / नलइफ(मी.मीटर, ०) ऍज शंभर_मीटरमागे
फ्रॉम मीटर_बेरीज मी
लेफ्ट जॉइन दोष_बेरीज दो ऑन दो.माग = मी.माग;

उत्तर: माग ७ – १६० मीटर, ८ दोष, ५.०. माग ९ – १४० मीटर, २ दोष, १.४३. मीटरचा कॉलम पूर्णांक असेल तर १०० आणि १००.० यांत फरक पडतो. १०० लिहिलंत तर माग ९ ला १ मिळेल, आणि आधी भागून मग गुणलंत तर ०. पोस्टग्रेसमध्येही पूर्णांकांचा भागाकार असाच कापला जातो.

'किती रोलांमध्ये ता आहे' असा प्रश्न आला तर तो वेगळा प्रश्न आहे. तिथे काउंट(डिस्टिंक्ट रोल) लागतं आणि उत्तर ३ येतं, ४ नाही. अहवालाच्या मथळ्यात 'दोष संख्या' की 'सदोष रोल' हे स्पष्ट लिहा. मागवाल्याला जाब विचारताना या दोन आकड्यांची अदलाबदल होऊन चालत नाही.

होटगी_रोड
मागवार आडवा तक्ता हवा असेल तर? माग डावीकडे, ता, डा, लू, कि, पि वरती. मी काउंट(केस व्हेन कोड = 'ता' देन १ एल्स ० एंड) लिहिलं तर माग ७ च्या पाचही कॉलममध्ये ८ येतं.

पार्क_चौक
काउंटला ० आणि १ सारखेच, दोन्ही नल नाहीत, त्यामुळे दोन्ही मोजले जातात. एकतर सम(केस व्हेन … देन १ एल्स ० एंड) लिहा, किंवा काउंटमधला 'एल्स ०' काढून टाका. पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून काउंट(*) फिल्टर (व्हेअर कोड = 'ता') चालतं आणि वाचायलाही स्वच्छ आहे. नमुन्यावर माग ७: ता ४, डा २, लू १, कि १, पि ०. माग ९: ता ०, डा १, लू १, बाकी शून्य.

एसक्यूएल सर्व्हरवर देवनागरी कोडची तुलना करताना अवतरणाआधी एन लावायला विसरू नका: एन'ता'. नाहीतर सर्व्हरचं कोलेशन (अक्षरं साठवायचे आणि तुलना करायचे नियम) देवनागरी सामावणारं नसेल तर अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि अट कधीच जुळत नाही. एररसुद्धा येत नाही, नुसती शून्यं दिसतात.

पूर्वभाग
कोडऐवजी शेऱ्याचा मजकूर मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. 'कोपऱ्यावर डाग' हा शेरा दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डातून ऱ (युनिकोड क्रमांक २३५३) + हलंत (२३८१) येतो, दुसऱ्यातून र (२३५२) + हलंत + अदृश्य जोडचिन्ह (८२०५) येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच, ग्रुप बायमध्ये दोन वेगळे गट. युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण इथे पुरत नाही, ते हे जोडचिन्ह काढत नाही.

व्ह्यूमध्येच दुसऱ्या तऱ्हेची पहिली करून घ्या: रिप्लेस(शेरा, एनचार(२३५२) + एनचार(२३८१) + एनचार(८२०५), एनचार(२३५३) + एनचार(२३८१)). एसक्यूएल सर्व्हरमध्ये शेऱ्याला बिन२ कोलेशन लावून मगच रिप्लेस करा, भाषिक कोलेशन अशी अदृश्य चिन्हं तुलनेत सोडून देऊ शकतं.

पण खरा उपाय मजकूर न मोजण्याचाच आहे. आपल्याकडे मागावर तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही बोलल्या जातात, एकाच दोषाला प्रत्येकाच्या तोंडी वेगळं नाव. तपासणीस कोड भरेल, नाव मास्टरमध्ये राहील, हवं तर तिन्ही भाषांत.

अकरा_तालुके
जोडून एक प्रश्न. पावसाच्या तक्त्यात तालुका आणि जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे कॉलम आहेत. करमाळा, सांगोला, मंगळवेढा धरून जिल्ह्याचे ११ तालुके. 'पाऊस न झालेले महिने' मोजायचे आहेत. डेटाबेस ओरॅकल.

बाळीवेस
इथे नल गाळू नका, दादा. ० म्हणजे पाऊस झाला नाही, नल म्हणजे नोंदच आली नाही. अनपिव्हट इन्क्लूड नल्स लिहा, ११ गुणिले ४ म्हणजे ४४ ओळी यायलाच हव्यात. कमी आल्या तर तिथेच थांबा. मग सम(केस व्हेन मिमी = ० देन १ एल्स ० एंड) हे कोरडे महिने आणि काउंट(*) - काउंट(मिमी) हे नोंद नसलेले महिने, असे दोन वेगळे कॉलम द्या. सरासरीलाही हेच लागू: एव्हीजी नल सोडून भागते, त्यामुळे तीनच नोंदी असलेल्या तालुक्याची बेरीज ३ ने भागली जाते. ते हवंय की नाही हे आधी ठरवा. नलचं ० तर मुळीच करू नका, सांगोल्यात पडलेला पाऊस कागदावर पुसला जाईल.

टॉवेल_तपासणी
मीटरचं जुळलं, मागवार तक्ताही झाला. आता व्ह्यूवर भरवसा ठेवायच्या आधी सगळ्या जुन्या नोंदींवर पडताळणी कशी करायची? आणि टेबल कायमचं बदलावं का?

जुळे_सोलापूर
पडताळणी एका ओळीची आहे. मूळ टेबलावर काउंट(नलइफ(एलट्रिम(आरट्रिम(दोष१)), '')) असं पाचही कॉलमचं काढून बेरीज करा. ती व्ह्यूच्या एकूण ओळींइतकीच हवी. नमुन्यात ४ + ४ + २ + ० + ० = १०. नलइफ न लावता केलंत तर ११ येतात, तो जादाचा एक म्हणजे रोल १०४.

टेबल बदलावं असं माझं ठाम मत आहे. रोल_दोष (रोल, जागा, कोड, मीटर_जागा), प्राथमिक की रोल आणि जागा मिळून, कोड मास्टरला फॉरेन कीने बांधलेला. जुन्या ओळी व्ह्यूवरूनच इन्सर्ट करा. त्याआधी मास्टरमध्ये नसलेले कोड दुरुस्त झालेले हवेत, नाहीतर फॉरेन की अख्खा इन्सर्ट परतवेल. जागा मूळचीच ठेवा, नव्याने क्रमांक देऊ नका. रोल १०४ ची जागा २ पासून सुरू झालेली दिसेल, आणि ते ठीक आहे, जुन्या नोंदीशी ताळा घेता येतो.

पार्क_चौक
भरायचा फॉर्म मात्र लगेच बदलू नका. तपासणीसाचा हात पाच चौकटींना सरावलेला असतो. फॉर्म आडवाच राहू दे, सेव्ह करताना आत ओळी पडू देत.

बाळीवेस
फॉर्मबद्दल मी सहमत नाही, आणि कारण मोजणीतच आहे. कॉलम पाच आहेत, म्हणजे सहावा दोष नोंदवायला जागाच नाही. ही क्वेरी चालवून पाहा:

सिलेक्ट माग, काउंट(*) ऍज भरलेले_रोल
फ्रॉम तपासणी
व्हेअर एलट्रिम(आरट्रिम(दोष५)) <> ''
ग्रुप बाय माग;

कॉलम क्रमाने भरले जातात, त्यामुळे दोष५ भरलेला रोल म्हणजे बहुधा पाचही भरलेला रोल. असे रोल एखाद्या मागावर वारंवार दिसले तर त्या मागाचा दर १०० मीटरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे, आणि नेमका सगळ्यात खराब मागच बरा दिसतोय. जुन्या नोंदींत हे भरून काढता येणार नाही. त्या रोलांपुढे 'किमान ५' असा शेरा टाकून अहवालात वेगळे दाखवा. नव्या फॉर्ममध्ये पाच चौकटींखाली 'आणखी दोष' बटण द्या, म्हणजे पार्क_चौक म्हणतात तो सरावही मोडत नाही आणि सहावा दोष रोल_दोषमध्ये जागा ६ म्हणून पडतो.

टॉवेल_तपासणी
क्वेरी चालवली. सगळे भरलेले रोल दोनच मागांवर आहेत, दोन्ही जुने शटलचे. त्यांचा दर आजपासून वेगळ्या रकान्यात 'किमान' म्हणून जाईल. बटणाचं काम घेतो. जागा ६ च्या पुढे गेल्यावर मीटर_जागा सक्तीची ठेवू का?

बाळीवेस
जागा १ पासूनच सक्तीची ठेवा, पण नव्या नोंदींपुरती. जुन्या ओळींत ती नल राहील, म्हणून कॉलमवर नॉट नल लावू नका. चेक कन्स्ट्रेंट विथ नोचेक ने जोडा: चेक (मीटर_जागा इज नॉट नल). त्यामुळे आधीच्या ओळी तपासल्या जात नाहीत, नंतर येणारी प्रत्येक ओळ तपासली जाते. जुन्या ओळीत पुढे कधी दुरुस्ती करायला गेलात तर मात्र तो अपडेटही अडू शकतो, तेव्हा कोडची साफसफाई आधी उरका आणि कन्स्ट्रेंट शेवटी लावा.